बारा मुलांची शाळा

खेड तालुक्यातलं गाव एका जागी बसलेलं नसतं. महसुली कागदावर नाव एकच, पण प्रत्यक्षात वरची वाडी, खालची वाडी, बौद्धवाडी, मोहल्ला आणि गाव सह्याद्रीच्या अंगाला असेल तर वर एखादा धनगरवाडा. मध्ये पऱ्ये, भाताची खाचरं, काजू-आंब्याची कलमं आणि सगळा चढ-उतार. रसाळगड-सुमारगडाच्या पायथ्याकडे किंवा रघुवीर घाटाच्या दिशेने निघालं की वस्त्या आणखी विखुरतात. त्यामुळे गावाला एक शाळा इथे कधी पुरलीच नाही. वाड्यावाड्यांत जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची मराठी शाळा उभी राहिली, मोहल्ल्यात उर्दू शाळा आली. जिथे यातलं काहीच पोचलं नव्हतं तिथे या शतकाच्या सुरुवातीला वस्तीशाळा निघाल्या आणि पुढे त्या नियमित प्राथमिक शाळा झाल्या.

आता या शाळांचा पट ओसरतो आहे. 2001 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 होती, 2011 मध्ये ती 16,15,069 भरली. राज्य वाढत असताना हा जिल्हा जवळपास पाच टक्क्यांनी घटला. चाकरमानी एकटा मुंबईला जायचा आणि बायकामुलं गावी राहायची, तो काळ सरला. आता बिऱ्हाडच जातं. जे राहतात त्यांना एक नाहीतर दोन मुलं, आणि त्यातलीही काही सकाळी व्हॅनमध्ये बसून खेड शहराकडे, भरणे नाक्याकडे इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात. उरलेल्यांवर वाडीची शाळा चालते.

राज्यभरचं चित्र फार वेगळं नाही. सप्टेंबर 2023 मध्ये शिक्षण आयुक्तालयाने समूह शाळांचे प्रस्ताव मागवले, तेव्हा 20 किंवा त्याहून कमी पटाच्या 14,783 शाळा असल्याचं समोर आलं. त्यांत 1,85,467 मुलं आणि 29,707 शिक्षक. भागाकार केला तर शाळेमागे बारा-तेरा मुलं आणि शिक्षकामागे सहा. त्याआधी 2017 च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेंहून अधिक शाळा जवळच्या शाळेत ‘समायोजित’ करण्याचा निर्णय झाला होता आणि त्यावर बराच वाद पेटला होता. समूह शाळेच्या प्रस्तावात नमुना म्हणून नंदुरबारच्या तोरणमाळची आणि पुणे जिल्ह्यातल्या पानशेतची शाळा दाखवली गेली. लहान शाळा मिटवायच्या, मुलांना गाडीने एका मोठ्या, सुसज्ज शाळेत आणायचं, असा हा विचार. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्येही हाच मुद्दा आहे. 2016-17 च्या आकडेवारीचा आधार घेऊन ते धोरण सांगतं की देशातल्या सुमारे 28 टक्के सरकारी प्राथमिक शाळांत तीसपेक्षा कमी मुलं आहेत आणि एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी आहेत.

या विचारामागे तथ्य आहे आणि ते मान्य करूनच पुढे जायला हवं. तिसरीत एकटीच असलेल्या मुलीला वर्षभर बरोबरीची मैत्रीण नसते. शाळेत बारा मुलं असतील तर कबड्डीचे दोन संघही पुरे होत नाहीत. ग्रंथालय, प्रयोगाचं साहित्य, संगीताचा शिक्षक हे अशा प्रत्येक वाडीत देणं कोणत्याच सरकारला जमणार नाही. पण या चर्चेत एक गोष्ट न तपासता गृहीत धरली जाते: पट कमी म्हणजे शिकणं कमी, आणि चार इयत्ता एका खोलीत म्हणजे शिक्षणाचा खेळखंडोबा. गेल्या तीसेक वर्षांतलं संशोधन याला दुजोरा देत नाही.

आधी त्या खोलीत काय घडतं ते पाहू. पहिली ते चौथीची द्विशिक्षकी शाळा आहे. एका शिक्षकाची बदली झाली, जागा भरली गेली नाही, म्हणून चारही इयत्ता एकाच बाईंसमोर. फळ्यावर खडूने उभ्या रेघा मारून चार भाग केलेले. तिसरीला हातच्याची वजाबाकी लिहून दिली, चौथीला धड्याखालचे प्रश्न सोडवायला सांगितले, दुसरी पाढे लिहिते आहे, आणि बाई पहिलीच्या दोन मुलांना घेऊन मुळाक्षरांची कार्डं मांडतात. पाच मिनिटांत तिसरीच्या मुलाचं हातच्यावर अडतं. तो हात वर करतो आणि थांबतो. बाई त्याच्याकडे वळतात तोवर पहिलीतलं लक्ष उडालेलं असतं. मराठी, गणित, इंग्रजी आणि तिसरीपासून परिसर अभ्यास धरला तर बाईंना रोज किमान चौदा विषयांची तयारी हवी. त्यात पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती आणि मुख्याध्यापकपदाचा पदभारही त्यांच्याच गळ्यात. केंद्रशाळेची सभा किंवा प्रशिक्षण निघालं की त्या दिवशी शाळेला शिक्षकच नाही.

या दृश्यात मुलाचा सगळ्यात जास्त वेळ जातो तो वाट पाहण्यात. त्याचं कारण पट बारा आहे हे नाही. चार इयत्तांची चार पुस्तकं, ज्याच्या-त्याच्या इयत्तेप्रमाणे, एकाच माणसाने एकाच वेळी पुढे रेटावीत अशी व्यवस्थेची अपेक्षा आहे, त्यातून हे वाट पाहणं येतं.

आणि ही अपेक्षा मोठ्या शाळेतही खोटीच ठरते. ‘असर’ या सर्वेक्षणाने 2005 पासून हे घरोघरी जाऊन दाखवलं आहे. त्याची चाचणी अगदी साधी असते. मुलासमोर आधी पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद ठेवतात. तो सहज वाचला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट देतात. अडखळला तर सुटे शब्द, आणि शब्दही जमले नाहीत तर अक्षरं. पाचांतले चार शब्द बरोबर आले की मूल ‘शब्द’ पातळीचं. या साध्या कागदावर 2024 मध्ये ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी 27 टक्क्यांनाच दुसरीची गोष्ट वाचता आली. म्हणजे तिसरीच्या पस्तीस मुलांच्या वर्गात कोणी अक्षरांवर, कोणी शब्दांवर, कोणी गोष्टीवर असतं, आणि शिक्षक मात्र सगळ्यांना तिसरीचाच धडा शिकवत असतात. दिल्लीतल्या एका अभ्यासात सहावीतलं सरासरी मूल गणितात अडीच इयत्ता मागे असल्याचं आढळलं होतं. भिंतीवर एका इयत्तेची पाटी लावली म्हणून वर्ग एका पातळीचा होत नाही. वाडीच्या शाळेत हा फरक उघड दिसतो, शहरातल्या शाळेत तो झाकलेला असतो, एवढंच.

यावरचा सगळ्यात खणखणीत प्रयोग आपल्याच मुंबईत झाला. ‘प्रथम’ ही संस्था 1995 मध्ये मुंबईत सुरू झाली. 2001 ते 2003 या काळात मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत ‘बालसखी’ योजनेची शास्त्रशुद्ध तपासणी झाली. त्याच वस्तीतली, साधारण बारावी शिकलेली एक तरुण मुलगी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसायची आणि जिथे ते मूल आहे तिथून शिकवायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध केला. पुढे 2019 मध्ये या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. बालसखीकडे गेलेल्या मुलांचं शिकणं स्पष्टपणे सुधारलं. पण मला त्यातला दुसरा निष्कर्ष जास्त महत्त्वाचा वाटतो. ही मुलं बाहेर गेल्याने मूळ वर्गातला पट घटला होता, तरी तिथे उरलेल्या मुलांमध्ये सुधारणा दिसली नाही. पट कमी करण्याने आपोआप काही साधत नाही. शिकवणं मुलाच्या पातळीवर आलं की साधतं.

ही गोष्ट सरकारी शिक्षकांकडून होईल का, हा रास्त प्रश्न आहे. बिहार आणि उत्तराखंडात नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य देऊन पाहिलं तेव्हा फारसा फरक पडला नाही. प्रशिक्षण संपवून शिक्षक वर्गात गेले आणि पुस्तकाकडे वळले. हरियाणात 2012-13 मध्ये मात्र वेळापत्रकातच रोज एक तास राखून ठेवला, तिसरी ते पाचवीच्या मुलांना इयत्ता बाजूला ठेवून वाचनाच्या पातळीप्रमाणे गटांत बसवलं आणि पर्यवेक्षकांनी वर्गात येऊन पाहणी केली. तेव्हा नेहमीच्याच शिक्षकांच्या हाताखाली मुलांचं हिंदी वाचन सुधारलं.

हे सगळं वाचल्यावर वाडीच्या शाळेकडे वेगळ्या नजरेने पाहता येतं. मोठ्या शाळेला तासभर मुद्दाम इयत्ता मोडून जे करावं लागतं, त्याची सोय इथे मुळातच आहे. चारही इयत्ता एका खोलीत, बारा मुलं, प्रत्येकाचं घर शिक्षकांना माहीत. दुसरीतली जी मुलगी गोष्ट वाचते ती चौथीच्या गटात बसली तर कोणाची हरकत नाही. चौथीतला जो मुलगा शब्दांवर अडला आहे तो दुसरीच्या गटात बसला तरी बिघडत नाही.

ऐतिहासिकदृष्ट्या पाहिलं तर यात नवीन काहीच नाही. पंतोजींच्या शाळेत इयत्ता नव्हत्या. धूळपाटीवर अक्षर गिरवणारा पोर आणि हिशेब करणारा पोर एकाच ओसरीवर बसायचे आणि मोठ्याने लहानाला शिकवायचं. मद्रासमध्ये काम करणाऱ्या अँड्र्यू बेल या पाद्र्याने इथल्या शाळेत मुलं वाळूत अक्षरं गिरवताना पाहिली, आपल्या शाळेत तीच रीत लावली, मुलांकरवी मुलांना शिकवायला सुरुवात केली आणि 1797 मध्ये त्यावर पुस्तिका लिहिली. ती पद्धत इंग्लंडभर पसरली. एका वयाची मुलं, एक पुस्तक, एक वर्ष हा साचा नंतर पक्का झाला.

बहुवर्ग अध्यापनावर, म्हणजे अनेक इयत्तांना एकत्र शिकवण्यावर, आधुनिक संशोधनही भरपूर आहे. नेदरलँड्सच्या सायमन व्हेनमन यांनी 1995 मध्ये अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. एका इयत्तेच्या वर्गात आणि अनेक इयत्तांच्या वर्गात मुलांच्या शिकण्यात म्हणावा असा फरक त्यांना सापडला नाही. नॉर्वेतल्या ग्रामीण शाळांवरचा 2016 चा अभ्यास आणखी बारकाईचा आहे. वरच्या इयत्तेच्या मुलांबरोबर बसल्याने लहानांचा फायदा होतो. खालच्या इयत्तेची मुलं सोबत असली की मोठ्यांचं मात्र नुकसान होऊ शकतं, असं त्यात दिसलं. म्हणजे या रचनेला किंमत आहे आणि ती मोठी मुलं मोजतात. वाडीच्या शाळेत चौथीचं मूल सतत पहिलीला शिकवण्यातच अडकलं असेल तर त्याच्या पालकांची तक्रार खरी आहे.

मग ही रचना नीट चालते कुठे? कोलंबियात विकी कोल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकाच्या मध्यावर ‘एस्क्वेला नुएवा’ म्हणजे नवी शाळा हा प्रयोग डोंगराळ खेड्यांतल्या एक-दोन शिक्षकी शाळांसाठी उभा केला. मूल स्वतः वाचून करू शकेल अशा पुस्तिका, गटात काम, आणि आपापल्या गतीने पुढे जाण्याची मुभा. 1980 च्या दशकात ते तिथलं राष्ट्रीय धोरण झालं. पुढे 1998 च्या लॅटिन अमेरिकेतल्या तुलनात्मक चाचणीत, महानगरं सोडली तर, ग्रामीण मुलं शहरी मुलांच्या पुढे असलेला कोलंबिया हा एकमेव देश ठरला. आपल्याकडे आंध्र प्रदेशात मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण केंद्राने पद्मनाभ राव आणि रमा राव यांच्या पुढाकाराने शिकण्याची शिडी तयार केली. भाषेचा आणि गणिताचा अभ्यासक्रम लहान टप्प्यांत फोडला, प्रत्येक टप्प्याचं चित्रखुणेचं कार्ड केलं. मूल शाळेत आलं की काल जिथे थांबलं त्या कार्डापासून सुरू करतं. पंधरा दिवस आजारी पडून आलेलं मूलही तिथूनच उचलतं. कर्नाटकातली ‘नली कली’ 1995 मध्ये म्हैसूरजवळच्या एच. डी. कोटे तालुक्यात याच धर्तीवर सुरू झाली आणि नंतर राज्यभर गेली.

लावणीच्या दिवसांत गळणाऱ्या, गणपतीला मुंबईकर नातेवाइकांत रमणाऱ्या आणि मे महिन्यानंतर सगळं विसरून येणाऱ्या खेडच्या मुलांना ही शिडीची रचना किती सोयीची पडेल, ते कोणाही प्राथमिक शिक्षकाला विचारा.

आता अंतराकडे येऊ, कारण शाळा जोडायच्या म्हटलं की सगळ्या चर्चेचा तिढा तिथे आहे. शिक्षण हक्क कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या नियमांनुसार प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. अफगाणिस्तानच्या घोर प्रांतात गावातच शाळा दिल्याचा परिणाम डाना बर्ड आणि ली लिंडेन यांनी मोजला. शाळा गावात आली तेव्हा मुलींचं शाळेत जाणं मुलांपेक्षा जास्त वाढलं आणि दोघांतली दरी जवळजवळ मिटली. शाळा एक मैलाने लांब गेली की नोंदणी सोळा टक्केबिंदूंनी घसरते, असा त्यांचा हिशेब आहे. बिहारमध्ये नववीतल्या मुलींना सायकली दिल्या, तेव्हा योग्य वयात माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण 32 टक्क्यांनी वाढलं, आणि शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत परिणाम अधिक दिसला. चीनने 2001 पासून ग्रामीण शाळा मोठ्या प्रमाणावर एकत्र केल्या. लहान मुलांचे लांबचे प्रवास आणि वसतिगृहं यांवरून तक्रारी इतक्या वाढल्या की 2012 मध्ये सरकारने ती मोहीम थांबवली.

कोकणाला अंतराचा प्रश्न जुनाच आहे. शेजारच्या दापोली तालुक्यातल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे सहावीची सरकारी परीक्षा द्यायला सोबत्यांसह शंभरावर मैल चालत साताऱ्याला गेले होते. वय कमी दिसतं म्हणून त्यांना बसू दिलं नाही. पुढे कोल्हापूरला जाऊन त्यांनी ती दिली. कर्व्यांची जिद्द सगळ्यांकडे नसते, आणि सहा वर्षांच्या मुलाकडून ती अपेक्षितही नाही.

शिवाय खेडमधला एक किलोमीटर वर्षभर सारखा नसतो. मे महिन्यात कोरडा पडलेला पऱ्या जुलैत कमरेएवढा धावतो. साकव नसेल तर ती वाट चार महिने बंद. जगबुडी नदीला पूर आला की खेड शहराचाच व्यवहार थांबतो, आणि जुलै 2021 मध्ये पोसरेच्या बौद्धवाडीवर दरड कोसळून 17 माणसं गेली, हे तालुका विसरलेला नाही. एसटीने मोफत जाण्याची सवलत आहे ती पाचवीपासून पुढच्या मुलींना. पहिलीतल्या पोराला घेऊन आईला रोज यावं-जावं लागलं तर भाताच्या दिवसांत ते दोघंही घरी राहतात.

म्हणून माझं मत असं आहे की पहिली ते चौथीची शाळा वाडीतच राहिली पाहिजे, पट आठ असो की बारा. सहावी ते आठवीचं गणित वेगळं. तिथे विषयशिक्षक लागतात, विज्ञानाचं साहित्य लागतं, आणि बारा वर्षांचं मूल बसमध्ये बसू शकतं. त्या इयत्ता एकत्र आणायला हरकत नसावी, फक्त गाडी आधी सुरू व्हावी आणि शाळा नंतर बंद व्हावी. प्रत्यक्षात क्रम उलटा पडण्याची भीती आहे. 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटाप्रमाणे शिक्षकपदं मंजूर करण्याच्या, निर्णयाने वीसपेक्षा कमी पटाच्या सहावी ते आठवीच्या वर्गांना शिक्षकच मंजूर होत नाही, अशी स्थिती आली. वीसच्या आतल्या प्राथमिक शाळांत एक नियमित शिक्षक आणि दुसरा कंत्राटी, असं धोरणही त्याच वर्षी पुढे आलं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात साठ मुलांपर्यंतच्या शाळेला दोन शिक्षक आहेत. बहुवर्गासाठी ही दोनची संख्या कळीची आहे, कारण एक जण सभेला गेला तरी शाळा चालू राहते आणि पातळीप्रमाणे दोन गट करता येतात.

रत्नागिरीत त्यात आंतरजिल्हा बदलीची भर पडते. इथे नेमणूक झालेले अनेक शिक्षक घाटावरचे. काही वर्षं काढली की गावाकडे परतण्याची ओढ असणारच, त्यात त्यांचा दोष नाही. पण 2023 मध्ये शेकडो शिक्षक एकदम कार्यमुक्त झाले आणि कित्येक वाड्यांच्या शाळा एका शिक्षकावर, काही तर शेजारच्या शाळेतून पाठवलेल्या शिक्षकावर आल्या. मुलाची पातळी ओळखून शिकवायचं तर शिक्षकाला त्या मुलांसोबत तीन-चार वर्षं मिळायला हवीत. डी.एल.एड.च्या अभ्यासात बहुवर्ग अध्यापन हे एखादं प्रकरण असतं. सराव पाठ मात्र एका इयत्तेचा, एका विषयाचा, एका तासिकेचा घेतला जातो. कोकणात नोकरी करणाऱ्या शिक्षकाला पहिल्याच दिवशी चार इयत्ता मिळणार असतील तर सराव पाठही चार इयत्तांचाच हवा, आणि रत्नागिरीची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था हे करू शकते. केंद्रशाळेची महिन्याची शिक्षण परिषद आहेच. दहा लहान शाळांची मुलं महिन्यातून एकदा केंद्रशाळेत एकत्र आली, खेळली, ग्रंथालयातली पुस्तकं घेऊन गेली, तर तिसरीतल्या एकट्या मुलीलाही बरोबरीच्या मैत्रिणी मिळतील आणि तिची वाडीतली शाळाही राहील.

शाळा जोडण्याचं पत्र वाडीत आलं तर पालकांच्या हाती काही नसतं असं नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात. त्यांनी पुढच्या शाळेची वाट जुलै महिन्यात चालून मोजावी, कोणत्या पऱ्यावर साकव नाही ते लिहावं, गाडी कोण देणार, ती बंद पडली तर काय, लहान मुलांसोबत कोण जाणार, हे लेखी विचारावं. आणि आपल्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला गोष्ट वाचता येते की परिच्छेद, हेही शिक्षकांसोबत बसून नोंदवावं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 22 नुसार शाळा विकास आराखडा तयार करणं हे या समितीचंच काम आहे, आणि ही सगळी माहिती त्यात घालता येते.